कोणाला काय सांगितलं

"आधी हे वाचा, मग बूट घाला," बायको म्हणाली आणि तिने घडी घातलेला कागद नवऱ्याच्या हातात कोंबला.

मीटरकाकांनी कागद उलगडला. वर ठसठशीत अक्षरात मथळा होता : 'कोणाला काय सांगितलं'. खाली यादी होती.

लाँड्रीवाले – कावीळ. (तेलकट बंद म्हणायचं.)
मास्तर – मणका. (वाकायचं नाही.)
पार्लरवाली – हार्ट. (जिना सावकाश.)
किराणावाले – टायफाईड.
सात नंबरच्या आजी – नक्की आठवत नाही, बहुतेक अपेंडिक्स. त्यांनाही नीट ऐकू आलं नव्हतं.

"अगं, एका माणसाला पाच-पाच रोग?"

"मग काय करणार? जो भेटेल तो विचारायचा. तोंडाला येईल ते सांगून मोकळी व्हायचे. कोणाला काय सांगितलं ते ध्यानात ठेवायला मी काय तुमच्यासारखी वही घेऊन फिरते?"

"एकच काहीतरी ठरवून टाकायचं होतंस."

"पहिल्या दिवशी मला काय माहीत, अडीच महिने लागतील म्हणून!"

मीटरकाकांनाही ते माहीत नव्हतं.

मीटरकाका पाणीखात्यात मीटर वाचायचं काम करायचे. बावीस वर्षं त्याच गल्ल्या, तीच घरं, जमिनीतल्या खड्ड्यांवरची तीच लोखंडी झाकणं. खरं नाव कचेरीच्या हजेरीपटाला ठाऊक, बाकी सगळ्या जगाला ते मीटरकाका. अडीच महिन्यांपूर्वी एका सकाळी ते असंच एक झाकण उघडून बसले ते दुपारपर्यंत बसूनच राहिले. आकडे दिसत होते, पण ते वहीत उतरवायला हात उचलेना. मग घरी आल्यावर तर अंथरुणातून अंगही उचलेना. डॉक्टरीणबाईंनी तीनदा बोलावून, सगळं विचारून घेऊन सांगितलं, "डिप्रेशन आहे. आजार आहे, औषध आहे, वेळ लागेल." गोळ्या सुरू झाल्या, आठवड्यातून एकदा जाऊन बोलणं सुरू झालं, आणि बोट धरून चालवावं तसा हळूहळू माणूस परत आला. पूर्ण नाही, पण पंधरा आणे नक्की. आज तो पुन्हा कामावर निघाला होता.

"खरं ते सांगून टाकलं असतंस तर?" बुटाची नाडी बांधता बांधता काका म्हणाले.

"माझ्या तोंडून तो शब्दच निघत नाही हो. कावीळ झालेल्या माणसाला लोक बघायला येतात. हे ऐकलं की लांबून बघतात." मग डोळे पुसून बायको नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आणि साहेब काय म्हणाले ते विसरू नका."

विसरणं शक्यच नव्हतं. दाखल्यावरचं निदान कचेरीत एकट्या साहेबांनी वाचलं होतं आणि दाखला खणात टाकून कुलूप लावलं होतं. माणूस तसा वाईट नव्हता, भित्रा होता. "तुमचं काम लोकांच्या घरात शिरायचं," ते म्हणाले होते. "घरी बायका एकट्या असतात. उद्या कोणी बोललं, तर मी काय तोंड दाखवू? एक तक्रार, फक्त एक तक्रार आली की मी तुम्हाला आत बसवीन." आत म्हणजे जुन्या वह्यांच्या खोलीत. तिथली एकुलती एक खिडकी कपाटामागे गेलेली होती. दिवसभर कोणाशी बोलणं नाही, कोणाचं दार नाही, ऊन नाही. त्या खोलीत बसलो तर आपण पुन्हा आजारी पडू, अशी मीटरकाकांना मनापासून धास्ती होती. म्हणूनच त्यांनी तो कागद शहाण्या मुलासारखा दोनदा वाचला आणि वरच्या खिशात ठेवला.

पहिलंच दार लाँड्रीवाल्याचं होतं.

"या, या! किती वाळलात हो!" असं म्हणत त्याने इस्त्री बाजूला ठेवली आणि काही कळायच्या आत अंगठ्याने मीटरकाकांच्या डोळ्याची पापणी खाली ओढली. "अजून पिवळं आहे."

"तुमचा बल्ब पिवळा आहे."

"उन्हात चला बरं." उन्हात त्याने दुसरी पापणी ओढली. "हं. उतार आहे. तेलकट?"

"बंद."

"शाबास. माझ्या मेव्हण्याने ऐकलं नाही, दोनदा झाली त्याला." मग त्याने स्वतःची बाटली पुढे केली, उकळून गार केलेलं पाणी आग्रहाने प्यायला लावलं. मीटरकाकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्या प्रेमाने आपली कावीळ कोणी विचारील असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी आकडा टिपला आणि पुढे सटकले.

मास्तरांकडे मात्र वेगळाच प्रसंग वाढून ठेवलेला होता. मास्तर चौऱ्याहत्तर वर्षांचे. सारा जन्म गणित शिकवलेलं. निवृत्त झाल्यापासून त्यांना शिकवायला एकटी बायकोच उरली होती, आणि ती शिकायला तयार नव्हती.

"खबरदार वाकाल तर!" मीटरकाका झाकणाजवळ पोचताच मास्तर पायऱ्यांवरून गरजले. "मणका म्हणजे खेळ वाटला का? बाजूला व्हा. मी वाचतो, तुम्ही लिहा."

"मास्तर, झाकण जड आहे."

"माझं वजन जास्त की झाकणाचं?" असा बिनतोड सवाल करून मास्तर वाकले, झाकण उचललं आणि खड्ड्यात डोकावून खणखणीत आवाजात वाचू लागले. "शून्य... चार... सात... दोन... आई गं!"

"आई गं किती?" मीटरकाकांनी सवयीने विचारलं.

पण पुढचा आकडा आलाच नाही. गणिताचे मास्तर बरोब्बर काटकोनात अडकले होते. वर येता येईना, खाली जाता येईना. चेहरा लालबुंद झाला. मीटरकाकांनी वही टाकली, "हलू नका" म्हणाले, मास्तरांना अल्लद पाठुंगळी घेतलं आणि आठ पायऱ्या चढून, ओटी ओलांडून, थेट पलंगावर नेऊन कुशीवर निजवलं. मास्तरीणबाई मागोमाग चष्मा, चप्पल आणि वही गोळा करत आल्या. त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग मीटरकाकांकडे.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "मणका तुमचा गेलाय ना?"

मीटरकाकांनी घाईघाईने कमरेवर हात ठेवला. "आत्ता चमक आली बघा," असं काहीतरी पुटपुटून त्यांनी वही घेतली आणि काढता पाय घेतला.

पुढची दहा-बारा घरं सुखाने पार पडली. किराणावाल्याने तापाची चौकशी केली. सात नंबरच्या आजींनी "टाके निघाले का?" असं विचारलं, म्हणजे अपेंडिक्सच होतं. पार्लरच्या जिन्यापाशी आल्यावर आता काय आहे ते बघावं म्हणून त्यांनी खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. पँटचे दोन्ही खिसे चाचपले, वही उलटी धरून झटकली. कागद नव्हता.

"हार्टवाले काका!" वरून पार्लरवालीचा आवाज आला. "जिना सावकाश चढायला नको, आम्हीच खाली येतोय."

खाली आली तिघंजणं. पार्लरवाली, लाँड्रीवाला आणि हातात कागद घेतलेल्या मास्तरीणबाई. तो मास्तरांच्या पायऱ्यांवर पडला होता. मास्तरांनी पलंगावर पडल्या पडल्या लाल पेनने तपासून पाठवला होता. 'टायफाईड'चं त्यांनी 'टायफॉईड' केलं होतं, आणि खाली शेरा मारला होता : 'लक्षणे जुळतात. उत्तर चूक. पुन्हा सोडवा.'

"मी माझ्या बाटलीतलं पाणी दिलं या माणसाला," लाँड्रीवाला दुखावल्या स्वरात म्हणाला. "कावीळ समजून."

"खरं सांगा काका," पार्लरवालीने कमरेवर हात ठेवले, "दुसरं लग्न केलंत का?"

"या वयात? पहिलंच झेपत नाही."

"मग आत होता का तुम्ही?" लाँड्रीवाल्याने मनगटं एकमेकांवर ठेवून खूण केली. "तसं असेल तरी सांगा. माणूस चुकतो."

मास्तरीणबाईंचा चेहरा गंभीर झाला. "त्याहून मोठं दुखणं तर नाही ना हो? म्हणूनच लपवलं का?"

सुटकेचा रस्ता समोर होता. पाचातला एक रोग उचलायचा, बायकोचा गोंधळ झाला म्हणायचं, संपलं. पण त्या तिघांचे चेहरे बघून मीटरकाकांच्या पोटातून हसू वर यायला लागलं. तुरुंग चालत होता, दुसरं लग्न चालत होतं, मरण चालत होतं. आणि आपण अडीच महिने कशाला भ्यालो?

"डिप्रेशन," ते म्हणाले. "अंथरुणातून उठवत नव्हतं, त्याचा बायकोने मणका केला. घास उतरत नव्हता, त्याची कावीळ झाली. छातीवर सारखं ओझं असायचं, ते हार्ट. मास्तर बरोबर सांगतायत. बिचारी खोटं फारसं बोललीच नाही. खरं होतं तेच तिने घरोघर वाटून टाकलं."

मास्तरीणबाईंनी कागद पुन्हा एकदा वाचला.

"इश्श, एवढंच होय!" पार्लरवाली म्हणाली. "माझ्या खुर्चीत बसणाऱ्या निम्म्या बायकांना ते असतं. मी सांगते, केस कापले की बरं वाटतं."

"सकाळी चाला," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"रोज दहा किलोमीटर चालतो हो मी, मीटर वाचत."

"मग थोडं कमी चाला."

मीटरकाका पोटभर हसले. लाँड्रीवाला मात्र हसत नव्हता. तो एक पाऊल मागे सरकला होता, मग आणखी एक. "म्हणजे डोक्याचं," तो म्हणाला. "तुम्हाला राग वगैरे येतो का हो? एकदम कोणाच्या अंगावर धावून जावंसं वाटतं?"

"एकदाच वाटलं होतं. तुम्ही माझा लग्नातला शर्ट जाळलात तेव्हा."

बायका खो खो हसल्या. लाँड्रीवाल्याने कसंनुसं तोंड केलं आणि "इस्त्री चालू राहिलीय" म्हणत तो भराभर निघून गेला. पाठमोऱ्या त्याच्याकडे बघताना मीटरकाकांचं हसू थोडं उतरलं. आपण गंमत जरा जास्तच केली असं त्यांना वाटलं.

उरलेली घरं झाली. गल्लीतलं शेवटचं घर कोपऱ्यावरच्या बाईंचं. त्यांचं नाव बायकोच्या यादीत नव्हतं, कारण त्या कोणाला काही विचारत नसत आणि कोणी विचारलेलं त्यांना आवडत नसे. मीटर परसात होतं, त्यामुळे घरातूनच जावं लागे. दर महिन्याला बाई दार उघडत, वाटेतल्या खोलीचं दार आधीच ओढून घेतलेलं असे, मीटरकाका सरळ परसात जात आणि सरळ परत येत. "मी एकटीच असते, मुलगा परदेशी असतो," हे वाक्य त्यांनी आठ वर्षांत कितीदा तरी ऐकलं होतं. एकट्या बाईला महिन्याला किती पाणी लागतं ते मीटरकाकांना झोपेतही सांगता आलं असतं. या घरात दोघांचं जात होतं. मीटर गळत नव्हतं, नळ गळत नव्हता. पण खात्याने त्यांना आकडे वाचायला ठेवलं होतं, आणि त्यांनी तेवढेच वाचले होते.

आज दार वीतभरच उघडलं. साखळी तशीच होती. गल्लीतला गलका इथपर्यंत पोचलेला दिसत होता.

"आज नको," बाई म्हणाल्या.

"बरं. उद्या येऊ का?"

बाई उत्तर देणार तोच खिशातला फोन वाजला. मीटरकाकांच्या जुन्या फोनला एक खोड होती, पलीकडचा माणूस चारचौघांत बोलल्यासारखा ऐकू यायचा.

"दोन फोन आले," साहेब म्हणाले. "पहिला मास्तरांचा. म्हणाले, झाकण जड आहे, माझा काटकोन झाला, हलकं बसवा. ते झाकणाचं झालं. दुसरा लाँड्रीवाल्याचा. असला माणूस आमच्या गल्लीत पाठवू नका म्हणाला. 'असला' काय शब्दांत म्हणाला ते मी सांगत नाही."

"साहेब, मी त्यांना काही..."

"तुम्ही काही केलं नाही, मला कळतंय. पण मी बोललो होतो. एक तक्रार. उद्यापासून आत बसा."

फोन बंद झाला. मीटरकाका पायरीवर तसेच उभे राहिले. याच लाँड्रीवाल्याची फुटलेली नळी त्यांनी एका भर दुपारी स्वतःच्या रुमालाने बांधून दिली होती, प्लंबर येईपर्यंत तासभर धरून बसले होते. त्यांना राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. लोकांच्या दारात रडायचं नाही म्हणून त्यांनी उगाच वहीची पानं चाळली.

"काढलं तुम्हाला?" फटीतून आवाज आला.

"नाही, नाही. काढलं नाही. आत बसवलंय."

"आत बसवलंय," बाई म्हणाल्या.

मीटरकाकांना वाटलं, दार लागणार आता.

"पण तुम्ही तर बरे दिसताय."

"बरा आहे मी."

"मग आत कशाला?"

"मला बरं वाटावं म्हणून नाही हो. लोकांना बरं वाटावं म्हणून."

मग साखळी खळकन पडली आणि दार सताड उघडलं. "या," बाई म्हणाल्या. "मीटर बघून घ्या."

आज वाटेतल्या खोलीचं दार उघडं होतं. स्वयंपाकघरात टेबलाशी एक पस्तिशीचा माणूस मटार सोलत बसला होता. परका माणूस बघून तो ताडकन उठला आणि खोलीकडे निघाला.

"जाऊ नकोस," बाई म्हणाल्या. "हे मीटर वाचतात. यांना झाकण उघडून दे." मग मीटरकाकांकडे न बघता त्या म्हणाल्या, "हा माझा मुलगा. परदेशी कुठे गेला नाही तो."

"बरं झालं," मीटरकाका म्हणाले. "झाकण जड आहे. मदतीला माणूस हवाच होता."

मुलाने झाकण उचललं. मीटरकाका चष्मा शोधतायत असं बघून त्यानेच आकडे वाचले. त्याचा आवाज लहान होता, फार दिवस न वापरलेला. मीटरकाकांनी लिहून घेतलं. मग त्याने जमिनीकडे बघत विचारलं, "तुम्हाला... किती दिवस लागले?"

"तिसऱ्या आठवड्यात झोप लागली. सहाव्यात भूक. आठव्यात एकदा हसलो, तर बायको हातातलं काम टाकून बघायला आली, काय झालं म्हणून."

मुलाच्या ओठांची कड जराशी हलली. "मला जास्त लागतील."

"लागू देत की. माझ्या डॉक्टरीणबाईंना घाई नसते. आम्हीच घाई करतो." त्यांनी वहीचं मागचं पान फाडून त्यावर पत्ता लिहिला आणि टेबलावर, मटारांच्या सालींशेजारी ठेवला.

बाई बाहेरच्या खोलीतून हातात स्वतःचा फोन घेऊन आल्या. "तुमच्या साहेबांचा नंबर सांगा. मला तक्रार करायची आहे."

मीटरकाकांनी वही मिटली. "माझी?"

"पुढच्या महिन्यात दुसरा कोणी आला, तर त्याची. आधीच करून ठेवते."

बाई आठ वर्षं गल्लीत कोणाशी बोलल्या नव्हत्या. ते सगळं न बोललेलं त्यांनी साहेबांवर काढलं. दुसऱ्या माणसाला आपण दार उघडणार नाही, तिसऱ्यालाही नाही, आणि आत कोणाला बसवायचं हे लाँड्रीवाल्याला विचारून ठरणार असेल तर खात्याचं कामही त्यालाच द्या, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. पाच मिनिटांनी मीटरकाकांचा फोन वाजला.

"ही कोण बाई?" साहेबांचा आवाज घायकुतीला आला होता.

"शेवटचं घर, साहेब."

"हे बघा. एक तक्रार तुमच्या विरुद्ध, एक तुमच्या बाजूची. मास्तरांची झाकणाची धरत नाही. लाँड्रीचं मीटर दुसरा कोणी वाचेल. बाकीची गल्ली तुम्ही वाचा. या महिन्यापुरतं. पुढचं पुढे बघू."

"चालेल, साहेब," मीटरकाका म्हणाले. लाँड्रीवाल्याचं एक दार गेलं होतं, आणि ते त्यांना लागलं. पण चाळीस दारं राहिली होती.

निघताना त्यांनी दारातच वही उघडून नोंद पुरी करायला घेतली. बाई शेजारी उभ्या होत्या.

"हा रकाना कसला?" त्यांनी बोट ठेवून विचारलं.

"घरात राहणारी माणसं."

तिथे एक होता. बाईंनी वहीचं पान मागे उलटलं. मागच्या वेळच्या नोंदीतही एकच होता.

"चुकलंय ते," बाई म्हणाल्या. "दोन लिहा."

"पेन्सिलीने लिहून ठेवू का?" मीटरकाकांनी हळूच विचारलं. "मन बदललं तर खोडता येईल."

"पेनाने."

मीटरकाकांनी एक खोडला आणि वर दोन लिहिला. "खोडलं की शेजारी घरच्या माणसाची सही लागते," ते म्हणाले आणि पेन बाईंपुढे धरलं.

बाईंनी पेन घेतलं आणि मागे वळून मुलाच्या हातात दिलं. तो उंबऱ्यापर्यंत आला, वही दाराच्या चौकटीवर टेकवली आणि सही करायला लागला. सुरुवात आठवायला त्याला वेळ लागला, मग एक एक अक्षर करत तो पूर्ण नाव लिहीत गेला. मीटरकाकांनी आणि बाईंनी त्याला घाई केली नाही.